सड्यावर न भाजलेले पाय

गेल्या वर्षीच्या शिमग्यातला एक व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसावा असं खूपदा मनात आलं, पण पुसला नाही. त्यात भर दुपारी आमच्या ग्रामदेवतेची पालखी सड्यावरून खालच्या वाडीकडे निघालेली दिसते. ज्यांनी आमच्या रत्नागिरीकडचा सडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं उघडं पठार. झाड नाही, आडोसा नाही. फाल्गुनातल्या दुपारी तिथे चप्पल घालून उभं राहिलं तरी तळव्याला धग लागते. पालखीच्या भोयांनी मात्र पायात काही घालायचं नाही, हा आमचा नियम. व्हिडिओत तीन भोई तोंडं वाकडी करत, पाय उचलून उचलून टाकत चाललेत. चौथा, पुढच्या उजव्या खांद्याचा, आपल्या अंगणातून चालावं तसा सावकाश चाललाय. तो माझा बाप.

मागून एका म्हाताऱ्याचा आवाज येतो, "बगा, ह्याचा पाय भाजत नाय. देवीनं थंड केलान पाय त्याचा." आणि लगेच फोन धरणारी बाई म्हणते, "खरंच हो."

ती बाई मी. बी.एस्सी., बी.एड., रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते आणि सांगताना लाजत नाही. माझा बाप दुसऱ्यांच्या बागांमधून हापूस उतरवायचा, फवारणी करायचा आणि पावसाळ्यात कलमं बांधायचा. त्याने बांधलेलं कलम फुकट गेलं असं पंचक्रोशीत कोणी म्हणणार नाही. त्या पैशांवर मी पदवी घेतली. तेव्हा माझ्या बापाची गावात वाहवा होत असेल, तर मी ती दाबून का ठेवू? तिथेच सड्यावर उभं राहून मी तो व्हिडिओ स्टेटसला लावला. खाली लिहिलं, "श्रद्धेचं बळ." संध्याकाळपर्यंत शाळेतल्या सगळ्या बायांचे नमस्कार येऊन पडले होते.

पण त्याआधीच, तासाभराने, पालखी आमच्या दारात आली.

पालखी दारात आली की घरच्या बाईने भोयांच्या पायांवर पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत. आईचे गुडघे धरतात म्हणून तिने कळशी माझ्याकडे दिली. पहिल्या भोयाच्या पायावर पाणी पडलं तसा तो डोळे मिटून म्हणाला, "हाऽऽ बाय, जीव आला गो." दुसरा म्हणाला, "अजून घाल, हात आखडू नको. मास्तरीण झालीस तरी पाणी बावडीचाच हाय." तिसऱ्याने पाय आलटून पालटून धारेखाली धरले. मग बाबा आले. त्यांच्या पायांवर पाणी ओतलं तर ते शेजारच्याशी बोलतच राहिले, होमाची लाकडं यंदा कोणी कमी आणली यावर. पाणी पडतंय याकडे लक्षच नाही.

उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, चवड्यावर, मला एक खडा चिकटलेला दिसला. मी वाकले आणि तो काढायला गेले. तो निघेना. जरा जोर लावला तेव्हा खड्याबरोबर कातडीही उचलली गेली. तळव्याला मोठा फोड येऊन फुटला होता आणि त्यात सड्यावरची खडी रुतून बसली होती. कळशीतलं पाणी तांबडं होऊन अंगणात पसरलं. मी खडी उपटली तेव्हाही बाबा बोलत होते. पाय मागे घेतला नाही. वाक्यही तुटलं नाही.

मी म्हटलं, "बाबा, दुखत नाही का?"

"काय?"

"पाय."

त्यांनी खाली बघितलं. आपल्याच अंगणात दुसऱ्याची वस्तू पडलेली दिसावी तसे ते त्या पायाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "पालखी थांबलीय. बाजूला हो."

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती आज वर्ष झालं तरी गेलेली नाही. कारण मला सगळं माहीत होतं. एकेक गोष्ट सुटी सुटी माहीत होती, मी ती एकत्र कधी मांडली नव्हती. सात-आठ वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं तेव्हा बाबांच्या रक्तात साखर निघाली होती. गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर एक-दोन वर्षं पायांना मुंग्या यायच्या आणि रात्री तळव्यांची आग व्हायची. बाबा उठून ओटीच्या गार लादीवर पाय टेकून बसायचे. आई खोबरेल चोळायची, कोणी सांगितलेलं मूळ उगाळून लावायची. मग एका पावसाळ्यात मुंग्या थांबल्या, आगही थांबली. घरात आनंद झाला. आई म्हणाली, "मुळाचा गुण आला." बाबा म्हणाले, "मंग आता गोळी कशाला?" आणि गोळी सुटली. मीसुद्धा फोनवर म्हटलं होतं, "बरं झालं, उतार पडला."

उतार पडला नव्हता. आग झाल्याचं सांगणारी नसच मेली होती. दुखणं थांबलं म्हणून आम्ही आजार गेला असं समजलो आणि कातळ भाजेना तेव्हा देवी पावली असं समजलो.

दोन दिवसांनी, पालखी सहाणेवर बसल्यावर, म्हणजे देवळापुढच्या तिच्या चौथऱ्यावर स्थिरावल्यावर, बाबा रत्नागिरीला यायला तयार झाले. त्याआधी नाहीच. तोवर त्या पायाला आईने हळद भरून फडकं बांधलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं आणि आधी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"कुठला विषय?"

मी सांगितलं. त्यांनी मान खाली घालून जखम धुवायला घेतली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं. हातात एक नायलॉनचा जाड धागा घेतला, त्याचं टोक तळव्याला लावायचं आणि जाणवलं की बाबांनी "हो" म्हणायचं. बाबा म्हणाले, "हो." थोड्या वेळाने, "हो." परत, "हो." मला हायसं वाटलं. मग मी डॉक्टरीणबाईंच्या हाताकडे बघितलं. धागा हवेतच होता. त्यांनी तो पायाला लावलाच नव्हता. बाबा डोळे मिटून, अंदाजाने, बरोबर अंतर ठेवून "हो" म्हणत होते. शाळेत हजेरी देणाऱ्यासारखे. खरोखर धागा अंगठ्याला टेकला तेव्हा मात्र ते गप्प होते.

मला त्या वेळी कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. माझा बाप खोटं बोलत नाही, निदान मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नंतर मला जे समजावलं ते मी आईला आमच्या भाषेत सांगितलं. गावाची वीज कशी, तार जितकी लांब तितकी शेवटच्या वाडीतली बत्ती आधी मिणमिणते. अंगातली सगळ्यात लांब तार पायाच्या बोटांपर्यंत जाते. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती तारही खराब होते आणि तारेला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही. आधी बोटं जातात, मग तळवा, मग घोटा, पायमोजा चढवावा तसं ते वर वर येतं. बिघडलेली तार आधी खोट्या बातम्या पाठवते, त्या मुंग्या आणि ती आग. मग बातम्याच बंद होतात. पायाला घाम येईनासा होतो, म्हणून कातडी कोरडी पडून भेगा जातात. काटा रुतला, खडा रुतला, भाजलं, काही कळत नाही. आणि न कळलेल्या जखमेवर माणूस चालत राहतो.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ह्यांचा पाय हाय की गेला?"

"आहे. सांभाळला तर आहे."

सांभाळायचं म्हणजे काय हे पुढच्या पाच महिन्यांत कळलं. रोज सकाळी आई पट्टी बदलायची आणि फोटो पाठवायची. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या खिडकीशी उभी राहून तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायची. कडा लाल आहे की काळी? कालच्यापेक्षा मोठी दिसतेय की आईने फोन जवळ धरला? फोटो यायला उशीर झाला की फळ्यावर लिहिताना माझी अक्षरं तिरकी जायची. आलाच नाही की मी फोन करायची आणि आई म्हणायची, "अगो, गवत काढत व्हते. पाय जाग्यावर हाय." माझ्या स्टेटसला नमस्कार पाठवणाऱ्यांपैकी एकीने एकदा डब्यातली भाकरी मोडता मोडता विचारलं, "बाबा कसे आहेत? पुढच्या शिमग्यातही चालणार ना सड्यावरून?" मी म्हटलं, "बरे आहेत." सरळ बोलणारी म्हणून माझी ख्याती आहे.

श्रावणात जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी मऊ अस्तराचे बूट लिहून दिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या वेळी निभावलं. पुन्हा अशी जखम झाली आणि आत गेली, तर बोटावर थांबेल याची खात्री मी देणार नाही." घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, असं त्यांनी बाबांना चारदा सांगितलं. बाबांनी चारदा मान हलवली. मी गावाला गेले की बूट पायात असायचे. माझी एसटी वळणाआड गेली की ते पडवीत खुंटीवर जायचे. हे मला आईने चोरून सांगितलं.

"बुटानं आपला पाय आपला वाटत नाय म्हनतात."

"आणि पायच नसला म्हणजे?"

"माज्यावर वराडू नको. त्यांना सांग."

त्यांना सांगून झालं होतं. खरं कारण वेगळंच होतं आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा मान आहे. आजोबांनंतर तो बाबांकडे आला, आणि गावाच्या कुठल्याही कागदावर आमच्या घराचं नाव नसलं तरी तिथे आहे. शिमगा जवळ येऊ लागला तसे बाबा सकाळी मोकळ्या पायांनी अंगणात फेऱ्या मारायला लागले. सवय मोडू नये म्हणून.

माघात गावाची बैठक सहाणेजवळ बसते. कोणी काय करायचं ते तिथे ठरतं. बायका जात नाहीत असं नाही, मागे बसतात, बोलत नाहीत. मी रजा टाकून गेले. भाऊ मुंबईला असतो, त्याला आदल्या दिवशी फोन करून विचारलं, "खांदा घेशील?" तो म्हणाला, "बाबा देतील तर." म्हणजे माझ्यावरच आलं.

भोयांची गोष्ट निघाली आणि गावचे मुख्य मानकरी म्हणाले, "पुढचा उजवा ठरल्यालाच हाय." तेव्हा मी उभी राहिले.

"काका, यंदा बाबांना खांदा देऊ नका. भाऊ येतोय, त्याला द्या."

बाबांनी वळूनही बघितलं नाही. मानकरी म्हणाले, "बाय, देवीच्या कामात तुजी सायन्स नको. त्याचा पाय भाजत नाय, सगळ्या गावानं बगितलान."

"भाजतो. त्यांना कळत नाही." मग मी सगळं सांगितलं. साखर, तार, शेवटची वाडी. अंगणात तांबडं झालेलं पाणीही सांगितलं. आणि जे सांगायला नको होतं तेही सांगून बसले, डॉक्टरकडे धागा लागला नाही तरी बाबा "हो" म्हणत होते, ते. ते तोंडातून गेलं आणि मी थांबले. पण गेलेलं परत येत नाही.

 मग मागच्या डाव्या खांद्याचे काका, ज्यांना स्वतःला साखर आहे, ते हळूच म्हणाले, "माजी चप्पल चालता चालता सुटून मागं ऱ्हाते. मना कळत नाय. तो पन ताच काय?"

त्यांचा शेजारी म्हणाला, "तुला काय कळता? तुजी बायको म्हायेराला गेल्याली तुला चार दिवसांनी कळली."

हसले सगळे. पण हसता हसता दोघा-तिघांनी पाय जवळ घेतले आणि तळवे वळवून बघितले. एकाने नखाने अंगठा टोचून पाहिला. मानकऱ्यांनीसुद्धा धोतराआड काहीतरी चाचपलं. मला वाटलं होतं की मला राग येईल, नाहीतर जिंकल्यासारखं वाटेल. वाटली ती भीतीच, आता एका पायाची नव्हे. या सगळ्यांना मी गेल्या वर्षी "खरंच हो" म्हटलं होतं.

मानकरी शेवटी म्हणाले, "मान घराचा हाय, मानसाचा नाय. पोराला द्या."

घरी येताना बाबा माझ्या पुढे चालत राहिले. ओटीवर बसले आणि म्हणाले, "चार लोकांत माजा खोटा उगडा केलास."

"पाय वाचावा म्हणून."

"पाय वाचला. आता तो घेऊन जाऊ खंय?"

 आई चुलीपुढून म्हणाली, "जेवायला. जाऊन जाऊन ताटावर जावा." पण ते उठले नाहीत.

त्यानंतर तीन आठवडे मी फोन केला की फोन आईकडे जायचा. यंदाच्या शिमग्यात भावाने खांदा घेतला. सड्यावर पाय भाजून तो इतका नाचला की पालखी डगमगली. बाबा बूट घालून मागून चालत होते, इतर म्हाताऱ्यांच्या रांगेत. एकदाच पुढे येऊन त्याला म्हणाले, "पाय टाक, उचलू नको. उचललास की जास्त भाजता." त्यांच्या पायांना आठवत नव्हतं, पण त्यांना आठवत होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी बघत होते, त्यांच्या बुटांकडे, वाडीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत निघाले. थांब्यावर एसटीची वाट बघत बसले असताना बाबा आले. पायात बूट होते, हातात ओल्या काजूगरांची पिशवी. माझ्या शेजारी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले. 

"हा चढतो काय गो वर?"

"काय?"

"बधीरपणा."

महिनाभरानंतर त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांना बरं वाटेल असं काहीतरी म्हणावं असा मोह झाला. "चढतो," मी म्हटलं. "साखर आवरली तर थांबतो, बहुतेक. मेलेली नस सहसा परत येत नाही. पुढची वाचते."

"बहुतेक."

"गोळी घेताय ना?"

"घेताव." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आन् हाताला येतो काय?"

 "पायात बराच वर गेला की मग येऊ शकतो. का विचारताय?"

"गेल्या पावसात कलमं बांधली ना, तेव्हा प्लॅस्टिकची पट्टी आवळली की नाय ता बोटांना कळेना. सैल ऱ्हायली. सगळी मेली. बागवाल्याला सांगितला की कलमाची काडीच खराब व्हती." त्यांनी अंगठ्याने बोटाचं टोक चोळून बघितलं. "आता डोळ्यांनी बगून बांधताव. येळ लागतो."

"आईला माहीत आहे?"

"नाय."

"डॉक्टरांना?"

"तुला सांगितला ना."

वळणावर एसटी दिसली. धुरळा उडवत येऊन थांबली. कंडक्टर दारातून म्हणाला, "रत्नागिरी, चला बाई." बाबा उठले, माझी बॅग उचलायला वाकले आणि म्हणाले, "जा, उद्या शाळा हाय तुजी."

मी बॅगेवरचा त्यांचा हात बाजूला केला. कंडक्टरला म्हटलं, "तुम्ही जा." त्याने दोनदा घंटा ओढली आणि गाडी गेली. पुढची गाडी साडेपाचला होती, तोवर घरून त्यांचे कपडे आणि कागद घेऊन त्या गाडीने त्यांना रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं मी ठरवलं.

"दाखवा," मी म्हटलं.

माझ्या बापाने दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर चिकाचे जुने काळे डाग होते, नखांत माती होती. मी ते उलटे केले, सुलटे केले, एकेक बोट धरून बघितलं. जखम नाही, फोड नाही, त्यांच्यावर कुठेही काहीही दिसत नव्हतं.